मोरचूद आणि न घाबरणारी मत्स्यबोटुकली: ठाण्यातील एका तलावाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. हे प्रकरण ज्या तलावाचे आहे तो घोडबंदर रस्त्याच्या बाजूला, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याकडील एका जुन्या गावठाणाला लागून आहे. तलावाचे आणि संस्थेचे नाव मी देत नाही. तलावावर मच्छीमारांच्या एका लहान सहकारी संस्थेचा ठेका आहे. कटला, रोहू आणि मृगळ या माशांचे बीज दर पावसाळ्यात आणायचे, ते बोटभर लांबीचे, म्हणजे मत्स्यबोटुकली, झाले की तलावात सोडायचे आणि पुढच्या वर्षी मासळी काढायची, असा संस्थेचा क्रम आहे. हे तीनही मासे नदीचे असून तलावाच्या स्थिर पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यामुळे तीन दिवसांची, जेमतेम सात-आठ मिलिमीटर लांबीची पिल्ले, म्हणजे मत्स्यजिरे, विकतच घ्यावे लागतात. जिरे टाकीत वाढवण्यात पैसा वाचतो, पण त्या दोन-तीन महिन्यांत काही बिघडले तर त्याचा फटका पुढच्या सबंध वर्षाला बसतो.

मी ठाण्यातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. संस्थेच्या सचिवांचा मुलगा माझा विद्यार्थी होता, त्या ओळखीतून हे प्रकरण माझ्याकडे आले. त्यात माझ्याकडूनही एक चूक झाली, ती पुढे तिच्या जागी सांगितली आहे.

मे महिन्यातील घटना

मे महिन्याच्या मध्यास तलावाचे पाणी शेवाळाने हिरवेगार झाले आणि काठावर वास येऊ लागला. सकाळी फिरायला येणाऱ्यांनी तक्रारी केल्या. देखभालीचे काम घेतलेल्या ठेकेदाराने पाण्यात काहीतरी टाकले आणि चार-पाच दिवसांत पाणी निवळले. पाठोपाठ दोन दिवस पहाटे मोठे कटले पाण्यावर तोंड काढून धापा टाकताना दिसले आणि त्यांतील बरेच मेले.

संस्थेने याचा अर्थ प्राणवायूची कमतरता असा लावला आणि तो त्या दिवसांपुरता बरोबर होता. शेवाळ एकदम मेले की ते कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो. रात्री प्रकाशसंश्लेषण नसल्याने पहाटे तो सर्वांत कमी असतो. दुपारपर्यंत मासे सावरत होते, म्हणजे लक्षणेही जुळत होती. पाण्यात नेमके काय टाकले हे मात्र कोणी विचारले नाही. शेवाळ कशाने मेले, हा प्रश्न त्या दिवशी एका फोनवर सुटला असता, आणि तसे झाले असते तर पुढचे तीन महिने निराळे गेले असते असे मला आजही वाटते.

जुलैमध्ये काय दिसले

जूनच्या अखेरीस जिरे आले. बोअरच्या पाण्याने एकच टाकी भरू शकत होती, म्हणून दुसरी टाकी मोटर लावून तलावाच्या पाण्याने भरली. दोन्ही टाक्यांत एकाच दिवशी आलेले, एकाच खेपेचे जिरे होते आणि खाद्यही तेच होते, तांदळाचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड. हे जाणूनबुजून केलेले नव्हते, पण पुढे सगळा उलगडा याच योगायोगाच्या आधारे झाला. जुलैच्या मध्यास बोअरच्या टाकीतील काही पिल्ले तलावात बांधलेल्या हाप्यात, म्हणजे बारीक जाळीच्या पिंजऱ्यात, हलवली गेली.

पहिली शंका आली ती रोज खाद्य टाकणाऱ्या मावशींना. बोअरच्या टाकीच्या कडेवर बोट वाजवले की पिल्लांचा थवा एका झटक्यात खाली जाई, तर तलावाच्या पाण्याच्या टाकीत तसे काही होत नव्हते. खाद्य टाकल्यावरही पिल्ले त्याच्याकडे सरळ येत नसत आणि कण तोंडासमोर आला तरच तो टिपत. थवाही नीट बनत नव्हता. पिल्ले विखुरलेली, एकमेकांना धडकत फिरत होती. मावशी म्हणाल्या, “मासली जागी हाय, पन तिला कलत नाय.” नंतर मी वाचलेल्या आणि केलेल्या कोणत्याही वर्णनापेक्षा हे वाक्य अधिक अचूक ठरले.

या टाकीत रोज थोडी पिल्लेही मरत होती, त्यामुळे सगळ्यांचे लक्ष मरणाऱ्यांकडे गेले. पुन्हा प्राणवायूच कमी पडत असेल म्हणून हवा सोडणारा पंप बसवला. पहाटे मोजलेला प्राणवायू प्रतिलिटर पाच मिलिग्रॅमच्या वर होता, म्हणजे पुरेसा. तरीही मरतूक थांबली नाही आणि वागणे बदलले नाही. तेव्हा मला बोलावले गेले.

पाण्याचा अहवाल आणि त्याने केलेली दिशाभूल

मी जाण्याआधीच संस्थेने तलावाच्या पाण्याचा नमुना एका खासगी प्रयोगशाळेत दिला होता. अहवालात सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे), क्षार, जडपणा आणि काही धातू होते. तांब्यापुढे “०.०५ पेक्षा कमी” असे लिहिले होते आणि खाली पाणी निकषात बसत असल्याचा शेरा होता. सचिवांनी तो कागद मला दिलासा म्हणून दाखवला.

हा निकष पिण्याच्या पाण्याचा आहे. भारतीय मानक १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीप्रमाणे पिण्याच्या पाण्यात तांब्याची स्वीकार्य मर्यादा प्रतिलिटर ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. माणसाने ते पाणी प्याले तर ते त्याच्या पोटात जाते. माशाचे कल्ले, नाक आणि अंगावरच्या संवेदी पेशी मात्र त्या पाण्यात अहोरात्र उघड्या असतात. ०.०५ मिलिग्रॅम म्हणजे ५० मायक्रोग्रॅम. सॅमन माशाच्या पिल्लांवर अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत प्रतिलिटर २ ते २० मायक्रोग्रॅम विरघळलेल्या तांब्यानेही काही तासांत वास घेण्याची क्षमता खालावलेली आढळली आहे. म्हणजे या अहवालाची मोजपट्टी जिथे संपत होती, त्याच्या खालीच माशाचा त्रास सुरू होत होता. “आढळले नाही” आणि “नाही” यांतले अंतर या कागदावर दिसत नव्हते.

जडपणाचा आकडाही मला खटकला, कारण तो फार कमी होता. आपल्याकडील काळ्या दगडातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम पुष्कळ असते, तर मृगाच्या आणि आर्द्रेच्या पावसाने डोंगरावरून धावत येणारे पाणी जवळजवळ पावसाचेच, मृदू असते. पावसाने तलाव धुऊन निघतो अशी आपली समजूत आहे. तांब्याच्या बाबतीत मात्र मृदू पाणी कल्ल्यांना अधिक घातक असते, कारण कल्ल्यांवर ज्या जागी तांबे चिकटते त्याच जागांसाठी कॅल्शियमही स्पर्धा करत असते. कॅल्शियम कमी झाले की तांब्याला वाट मोकळी होते, कल्ल्यांतून सोडियम आत घेण्याची क्रिया अडते आणि पिल्लू शरीरातील क्षार गमावून मरते.

तांबे कुठून आले असेल याचे उत्तर तलावाच्या रखवालदाराकडून मिळाले. मे महिन्यात पाण्यात टाकला तो मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, होता. उरलेल्या पिशव्या जूनच्या मध्यास, पाऊस सुरू झाल्यावर, मोटरच्या बाजूच्या काठावर ओतल्या होत्या. मोरचुदात वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा तांबे असते. मत्स्यशेतीतही तो शेवाळासाठी वापरतात, पण त्याआधी पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल शमवण्याची क्षमता, मोजतात. मिलिग्रॅममधील क्षारतेला शंभराने भागून जो आकडा येतो तितकेच मिलिग्रॅम मोरचूद प्रतिलिटर चालते, आणि क्षारता पन्नासच्या खाली असेल तर तो टाकतच नाहीत. इथे मोजमाप झाले असल्याचे कोणालाच ठाऊक नव्हते. एकदा टाकलेले तांबे नाहीसेही होत नाही. ते गाळात बसते आणि पहिल्या जोरदार पावसाने गाळ ढवळला की त्यातले काही पुन्हा पाण्यात येते.

पर्याय आणि माझी चूक

ऑगस्टच्या सुरुवातीस संस्थेच्या बैठकीत चार मार्ग पुढे आले. पिल्ले तशीच तलावात सोडावीत आणि जी जगतील ती जगतील, असा पहिला. ती टाकून नवीन बीज घ्यावे हा दुसरा, पण हंगाम उतरणीला लागला होता आणि पैसाही नव्हता. तिसरा मार्ग पाण्यात चुना टाकून जडपणा वाढवण्याचा, आणि चौथा पिल्ले पूर्णपणे बोअरच्या पाण्यात हलवण्याचा. चौथ्यासाठी आणखी एक टाकी बांधावी लागणार होती आणि टँकरचा खर्च होता.

मी तिसरा मार्ग सुचवला. कळीचा चुना नको, चुनखडीची भुकटी वापरा, एवढी काळजी मी घेतली. कळीच्या चुन्याने सामू एकदम चढतो आणि त्याबरोबर पाण्यातील अमोनियाचा विषारी वाटाही चढतो. ३० अंश तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियातील हा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो, तर सामू ९ असताना तो चाळीस टक्क्यांच्या वर जातो. भुकटी टाकल्यावर आठवड्याभरात मरतूक जवळपास थांबली. सभासद खूश झाले आणि मीही प्रश्न सुटला असे मानले.

मावशी मात्र समाधानी नव्हत्या. पिल्ले मरत नव्हती, पण बोट वाजवले तरी हलतही नव्हती. तेव्हा मी पुन्हा वाचन केले आणि माझी चूक लक्षात आली. कॅल्शियम कल्ल्यांचे रक्षण करते. नाकातील घ्राणपेशींचे, म्हणजे वास टिपणाऱ्या पेशींचे, आणि अंगावरच्या पार्श्वरेषेतील, पाण्याची हालचाल टिपणाऱ्या पेशींचे ते फारसे करत नाही. तिथे पाण्यातील विरघळलेले सेंद्रिय पदार्थ अधिक उपयोगी पडतात, कारण ते तांब्याला बांधून ठेवतात. चुनखडीने मी मृत्यू थांबवला होता. पाणी माशाला जाणवू देणारी इंद्रिये बधिरच होती. मेलेल्या पिल्लांची संख्या हेच एकमेव माप धरले असते, तर प्रकरण इथेच बंद झाले असते आणि ऑक्टोबरमध्ये संस्थेने बधिर मासे तलावात सोडले असते.

तीन साध्या चाचण्या

महागडी उपकरणे नव्हती, म्हणून आम्ही माशालाच विचारायचे ठरवले.

पहिली चाचणी वासाची. शेंगदाणा पेंड पाण्यात भिजवून, दोनदा फडक्याने गाळून, कणरहित पाणी तयार केले आणि ते बारीक नळीने परातीच्या एका बाजूला सोडले. बोअरच्या टाकीतील पिल्ले थोड्याच वेळात त्या बाजूला गोळा होऊन तोंडाने चाचपू लागली. तलावाच्या पाण्यातील पिल्ले परातभर विखुरलेलीच राहिली. ही चाचणी तीन वेगवेगळ्या दिवशी केली आणि तिन्ही वेळा तोच फरक दिसला.

दुसरी चाचणी प्रवाहाची. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा असते. तिच्यातील केसांसारख्या पेशी पाण्याची हालचाल टिपतात. शेजारचा मासा किती जवळ आहे आणि प्रवाह कुठून येतो, हे त्यातून कळते. झेब्राफिश हा रोहूच्याच गणातील लहानसा मासा आहे, आणि त्याच्या पिल्लांत थोड्या तांब्यानेही या पेशी काही तासांत मरतात, हे प्रयोगांतून स्पष्ट झाले आहे. आम्ही गोल टबात हाताने पाणी फिरवले. निरोगी पिल्लू प्रवाहाकडे तोंड करून उभे राहायला हवे. दुपारी केलेल्या पहिल्या चाचणीत दोन्ही टाक्यांतील पिल्ले तशीच उभी राहिली आणि आम्ही गोंधळलो. नंतर उमगले की उजेडात मासा टबाच्या कडा डोळ्यांनी पाहूनही जागा राखतो. रात्री दिवा बंद करून चाचणी पुन्हा केली आणि क्षणभर टॉर्च लावून पाहिले. बोअरची पिल्ले प्रवाहाकडे तोंड करून होती, तर तलावाच्या पाण्यातील बहुतेक पिल्ले पानांसारखी गोल फिरत होती. एवढ्या महिन्यांत मला सर्वांत वाईट वाटले ते या क्षणी.

तिसरी चाचणी भीतीची. कार्पवर्गीय माशांच्या कातडीत असा पदार्थ असतो, जो कातडी फाटली की पाण्यात मिसळतो आणि इतर माशांना धोक्याची सूचना देतो. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये हे मिनो या लहान कार्पवर्गीय माशांत दाखवले. ताज्या मेलेल्या एका निरोगी पिल्लाची कातडी पाण्यात चुरून ते पाणी आम्ही ऑगस्टमध्ये टाकले, तेव्हा बोअरच्या टाकीतली पिल्लेही घाबरली नाहीत. ही प्रतिक्रिया काही आठवडे उशिरा तयार होते आणि आमची पिल्ले तेव्हा लहान होती. म्हणून तो निकाल आम्ही बाजूला ठेवला. सप्टेंबरच्या उत्तरार्धात, बोटुकली मोठी झाल्यावर, चाचणी पुन्हा केली. त्या वेळी बोअरच्या टाकीतील मासे क्षणात तळाशी एकत्र आले आणि निश्चल झाले.

निर्णय आणि कृती

पहिल्या दोन चाचण्यांनंतर निर्णय फार अवघड उरला नाही, खर्च मात्र अवघड होता. ऑगस्टच्या अखेरीस संस्थेने ताडपत्रीची एक तात्पुरती टाकी उभारली आणि बोअरचे पाणी रात्री थोडे थोडे साठवून ती भरली. हाप्यातील पिल्ले आणि तलावाच्या पाण्यातील पिल्ले तिच्यात दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवली. सगळी एकत्र ठेवावीत असे काहींचे म्हणणे होते, कारण दोन कप्प्यांना जाळी आणि जागा लागत होती. मी वेगळे ठेवण्याचा आग्रह धरला. हाप्यातील पिल्लांना तलावाचे पाणी तिसऱ्या आठवड्यानंतर लागले होते, तर टाकीतील पिल्लांना तिसऱ्या दिवसापासून. वयाचा फरक किती महत्त्वाचा आहे, हे त्याशिवाय कळणार नव्हते.

त्याचबरोबर संस्थेने लेखी अर्ज देऊन तलावात कोणतेही रसायन टाकण्याआधी आठवडाभर कळवावे अशी मागणी केली. ठेकेदाराशी भांडण करावे की नाही यावर बैठकीत बराच वाद झाला. शेवटी सर्वांनी पुढील हंगाम वाचवण्याला प्राधान्य दिले.

परिणाम

हाप्यातील पिल्ले लवकर सावरली. आठ-दहा दिवसांत ती खाद्याच्या वासाकडे येऊ लागली आणि अंधारात प्रवाहाकडे तोंड करू लागली. घ्राणपेशी आणि पार्श्वरेषेच्या पेशी स्वच्छ पाण्यात पुन्हा तयार होऊ शकतात, त्यामुळे हे अपेक्षित होते. सप्टेंबरच्या भीतीच्या चाचणीत त्यांचे वागणे बोअरच्या टाकीतील माशांसारखेच होते.

तिसऱ्या दिवसापासून तलावाच्या पाण्यात वाढलेल्या पिल्लांचे तसे झाले नाही. त्यांचे खाणे सुधारले, पण ती आकाराने लहानच राहिली आणि काहींचा कणा वाकडा दिसत होता. कातडीचे पाणी टाकल्यावर त्यांतील निम्मीअधिक नुसती फिरत राहिली. वाकडा कणा जीवनसत्त्व ‘क’च्या अभावाने, जवळच्या नात्यातील पैदाशीने किंवा रोगानेही येतो. त्यामुळे तो तांब्यानेच आला असे मी ठामपणे लिहिणार नाही. मात्र त्याच खेपेची आणि त्याच खाद्यावर वाढलेली बोअरच्या टाकीतली पिल्ले सरळ होती, ही गोष्ट विसरता येत नाही.

ऑक्टोबरमध्ये, पाऊस थांबून गाळ बसल्यावर, बोअरच्या टाकीतील आणि हाप्यातील बोटुकली तलावात सोडली. तिसरा गट सोडायचा की नाही यावर शेवटचा निर्णय झाला. तलावात मरळ आहे, काठावर बगळे आणि पाणकावळे आहेत. धोक्याचा वास न कळणारा मासा त्यांना आयताच मिळाला असता, आणि संस्थेच्या वहीत तो “सोडलेले बीज” म्हणून नोंदला जाऊन पुढच्या वर्षी मासळी कुठे गेली हे कोणाला कळले नसते. तो गट टाकीतच ठेवला. मोठा झाल्यावर हा मासा खायचा का, असे सभासदांनी विचारले. तांबे माशाच्या यकृतात आणि कल्ल्यांत अधिक साठते, मांसात कमी, आणि पाऱ्यासारखे ते एका जिवातून दुसऱ्यात वाढत जात नाही, हे मी सांगितले. तरी त्या गटातील एकही मासा विकायचा नाही असे मावशींनी ठरवले आणि कोणी त्यांना विरोध केला नाही.

काय वेगळे करता आले असते

मे महिन्यात पाण्यात काय टाकले हे विचारायला हवे होते, हे वर आलेच आहे. नमुना देताना प्रयोगशाळेला “हे पाणी माशांसाठी आहे, तांबे किती मायक्रोग्रॅमपर्यंत मोजता?” असा एक प्रश्न केला असता, तर तो अहवाल कोणी दिलासा म्हणून वाचला नसता. नमुन्याची बाटलीही साधी, घरातली होती. अगदी कमी प्रमाणातील धातू मोजायचा असेल तर आम्लाने धुतलेली बाटली लागते.

चुनखडी टाकण्याआधीच मी वागण्याच्या चाचण्या करायला हव्या होत्या. त्या आधी झाल्या असत्या तर तीन आठवडे वाचले असते, आणि याच आठवड्यांत टाकीतल्या गटाची वाढ होत होती. भुकटी टाकण्यापूर्वी थोडी पिल्ले बाजूला काढून बोअरच्या पाण्यात ठेवली असती, तर लवकर सुटका झालेल्या पिल्लांचा कणा सरळ राहतो का, हेही कळले असते. ती संधी गेली.

आता तलावाचे पाणी टाकीत घेण्याआधी संस्था बोअरच्या टाकीतील दहा पिल्ले चार दिवस तलावाच्या पाण्याच्या टबात ठेवते. चौथ्या रात्री मावशी दिवा बंद करून टबातले पाणी हाताने फिरवतात आणि क्षणभर टॉर्च लावतात. दहाही पिल्ले प्रवाहाकडे तोंड करून असली, तरच मोटर सुरू होते. मोटरजवळच्या काठावरचा गाळ काढण्याचा अर्ज दिलेला आहे, पण तो अजून काढला गेलेला नाही.